हायरॉक्स १ तास ४८ मिनिटांवरून दीड तासाच्या आत आणायची आहे. भर स्लेडवर द्यावा की धावण्यावर?

दुसरी_पाळी

नमस्कार. मी मूळचा कागलचा, सध्या कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतो आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. वय ३४, वजन ८४ किलो. सहा वर्षे व्यायामशाळेत नियमित जातो आणि गेल्या खेपेला मुंबईत हायरॉक्सच्या पुरुष खुल्या गटात पहिल्यांदाच उतरलो.

ज्यांना या शर्यतीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही बंदिस्त सभागृहात होणारी शर्यत आहे. एक किलोमीटर धावायचे आणि मग एक कसरत पूर्ण करायची, असे आठ वेळा. कसरतींचा क्रम जगभर एकच असतो: १००० मीटर स्की-अर्ग (उभे राहून दोर खाली खेचण्याचे यंत्र), ५० मीटर स्लेड म्हणजे वजन लादलेली घसरगाडी ढकलणे, ५० मीटर स्लेड दोराने ओढणे, ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप (जमिनीला छाती टेकवून उठायचे आणि पुढे उडी मारायची), १००० मीटर रोइंग (वल्हवण्याचे यंत्र), दोन्ही हातांत वजन घेऊन २०० मीटर चालणे म्हणजे फार्मर्स कॅरी, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंजेस (गुडघा टेकवत टाकलेली लांब पावले) आणि शेवटी १०० वॉल बॉल, म्हणजे खाली बसून उठत वजनदार चेंडू भिंतीवरच्या खुणेवर मारणे. आमच्या गटात ढकलायची स्लेड १५२ किलोची, ओढायची १०३ किलोची, हातातली वजने प्रत्येकी २४ किलोची, पिशवी २० किलोची आणि चेंडू ६ किलोचा असतो.

माझी एकूण वेळ १:४८:५० आली. आठ किलोमीटर असे गेले: ४:४८, ५:३५, ६:५०, ६:५५, ७:०५, ६:५०, ७:०० आणि ८:०५. कसरतींच्या वेळा त्याच क्रमाने ५:०५, ४:१०, ६:५५, ७:०५, ५:१०, २:४०, ६:३५ आणि ९:२०. रॉक्सझोनमध्ये, म्हणजे धावमार्ग आणि कसरतीची जागा यांमधल्या पट्ट्यात, ८:४२ गेले.

स्लेड ढकलून बाहेर पडलो तेव्हा मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि त्यानंतर मी खऱ्या अर्थाने धावलोच नाही, म्हणून पायांची ताकद वाढवावी असे माझ्या मनाने घेतले आहे. सध्या स्क्वॉट (खांद्यावर वजनाची दांडी घेऊन उठबस) १२० किलोचा आहे, तो १५० पर्यंत न्यावा असा विचार आहे. मोकळ्या रस्त्यावर १० किलोमीटर ४९ मिनिटांत धावतो, त्यामुळे धावण्यात फारशी उणीव असेल असे वाटत नाही. अडचण अशी की, मी जातो त्या व्यायामशाळेत रोइंग मशीन आहे, पण स्लेड आणि स्की-अर्ग नाही. पुढच्या मोसमात दीड तासाच्या आत यायचे आहे. कोल्हापुरात राहून याची तयारी कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

---

पहाट_रंकाळा

तुम्ही सगळे आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांतच आहे आणि ते तुम्ही काढलेल्या निष्कर्षाच्या नेमके उलट आहे.

स्लेड ढकलायला तुम्हाला ४:१० लागले. ती तीस सेकंदांनी सुधारलीत तरी हाती तीसच सेकंद येणार. आता धावण्याची बेरीज करा. आठ किलोमीटरना ५३ मिनिटे ८ सेकंद, म्हणजे सरासरी किलोमीटरला साडेसहा मिनिटांहून अधिक. तुमच्या दहा किलोमीटरच्या वेगाने हेच अंतर ३९ मिनिटे १२ सेकंदांत होते. मधली चौदा मिनिटे तुम्ही धावमार्गावर सांडलीत आणि शोध मात्र स्क्वॉटच्या दांडीखाली घेताय. शर्यतीत दहा किलोमीटरचा वेग टिकणार नाही हे उघड आहे, परंतु अगदी पहिला किलोमीटर तुम्ही ४:४८ ने, म्हणजे त्या वेगापेक्षाही जलद धावलात. पुढे आठ कसरती उभ्या असताना हे उधारीवर लग्न काढण्यासारखे झाले. सभागृहातले संगीत, शेजारी सुटलेली माणसे आणि ताजे पाय यांमुळे हे जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत घडते. माझ्या पहिल्या शर्यतीतही घडले. मांड्या दगडासारख्या झाल्या त्या एकट्या स्लेडमुळे नव्हे. स्लेडला हात लावण्यापूर्वीच त्या निम्म्या भरून आल्या होत्या.

म्हणून पहिला नियम असा ठेवा की पहिला किलोमीटर ५:३० पेक्षा जलद धावायचा नाही, मग शेजारचा कोणीही पुढे जावो. आठही किलोमीटर सरासरी ५:४० ने निघाले तर ४५:२० होतात आणि ७ मिनिटे ४८ सेकंद वाचतात. रॉक्सझोन सहा मिनिटांवर आणलात तर २:४२ आणखी. शेवटचे वॉल बॉल सात मिनिटांत केलेत तर २:२० आणखी. या तिन्हींची बेरीज १२:५० होते आणि तुमची वेळ बरोबर १:३६:०० वर येते, तीही स्लेडची ताकद एका किलोनेही न वाढवता. दीड तास त्यापुढची पायरी आहे. माझे प्रामाणिक मत विचाराल तर पुढच्या शर्यतीत १:३६ हेच लक्ष्य ठेवावे.

आता सराव. तुम्हाला ताज्या पायांनी धावता येते. थकलेल्या पायांनी धावता येत नाही. हे वेगळे कौशल्य आहे आणि ते वेगळेच शिकावे लागते. आठवड्यातून एकदा, २० किलोची पिशवी खांद्यावर घेऊन ५० मीटर लंजेस करा आणि पिशवी ठेवताच विश्रांती न घेता एक किलोमीटर ५:४० ने धावा. असे चार वेळा. पहिल्या दोनशे मीटरमध्ये पाय आपले नाहीत असे वाटते, पावले मोठी टाकण्याचा मोह होतो आणि तिथेच माणूस चालायला लागतो. त्या दोनशे मीटरांत पावले मुद्दाम लहान आणि भरभर टाकावीत आणि श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे. चारशे मीटरपर्यंत पाय परत येतात. ते परत येतात यावर विश्वास बसणे हाच या सरावाचा निम्मा उपयोग आहे.

याखेरीज आठवड्यात एकदा सव्वा तास सावकाश, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्या वेगाने धावावे आणि एकदा १ किलोमीटरचे सहा तुकडे ५:१० च्या आसपास, मध्ये दीड मिनिटाची विश्रांती घेऊन करावेत. सावकाश धावण्यासाठी रंकाळा पहाटेच बरा. संध्याकाळी भेळेच्या गाड्या आणि फिरायला आलेली कुटुंबे यांमधून वाट काढण्यातच व्यायाम होतो, तो वेगळा. तुकड्यांसाठी शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातले रस्ते चांगले आहेत. पन्हाळ्याचा घाट धावून चढण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे, पण ही शर्यत सपाट जमिनीवर होते. घाट महिन्यातून एकदा मनाच्या समाधानासाठी चढावा.

स्की-अर्ग आणि रोइंगमध्ये वेळ वाचवण्याच्या फंदात पडू नका. या यंत्रांवर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तुमचे ५:०५ चे ४:५० करायचे झाले, म्हणजे वेग पाच टक्क्यांनी वाढवायचा झाला, तर शक्ती सुमारे सोळा टक्के जास्त लागेल आणि मिळतील फक्त पंधरा सेकंद. ते पंधरा सेकंद पुढच्या किलोमीटरला व्याजासकट परत द्यावे लागतात. रोइंगला बसलात की ती जवळजवळ विश्रांती समजा.

---

वेल्डिंगवाला

वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण स्लेडला इतके हलक्यात काढू नये. धावण्यातल्या ज्या चौदा मिनिटांबद्दल ते लिहितात त्यांतली बरीचशी स्लेडनंतर गेलेली आहेत. दुसरा किलोमीटर ५:३५ आणि तिसरा ६:५०. ही घसरण केवळ पहिल्या किलोमीटरच्या घाईने आली असती तर ती दुसऱ्याच किलोमीटरला एवढीच दिसली असती. मुद्दा ताकदीचा नाही, हे मात्र खरे. १२० किलोचा स्क्वॉट मारणाऱ्याला १५२ किलोची स्लेड ढकलायला ताकद पुरते. कमी पडते ती रीत.

स्लेड बारा-साडेबारा मीटरच्या चार खेपांत जाते. तुम्ही किती वेळा थांबलात ते आठवून पाहा. थांबलेली वस्तू हलवायला जे घर्षण तोडावे लागते ते सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते, हे शाळेत शिकलेले इथे मांड्यांना कळते. प्रत्येक थांबा म्हणजे एक नवा धक्का, आणि पाय भरून येतात ते धक्क्यांनी, सरकवण्याने नाही. म्हणून सुरुवातीपासूनच लहान पावलांनी, टाचा फारशा न टेकवता, कंबर खाली आणि हात कोपरात वाकवून खांदा दांड्यांच्या जवळ ठेवून, वेगाचा हव्यास न धरता पण न थांबता खेप पूर्ण करावी. थांबायचेच झाले तर खेप संपते तिथे, वळताना पाच श्वास मोजून थांबावे. बुटाच्या तळव्याची पकडही पाहा. कार्पेटवर घसरणारा बूट असेल तर निम्मा जोर मागच्या मागे वाया जातो.

आता स्लेडच्या उपलब्धतेबद्दल. कोल्हापुरात राहून स्लेड मिळत नाही अशी तक्रार कोणी केली की मला हसू येते, कारण ज्या गावात डिझेल इंजिनाचे सुटे भाग घडतात तिथे लोखंडाची एक घसरगाडी बनवणे किती अवघड असणार? माझी उद्यमनगरात छोटी वर्कशॉप आहे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी स्लेड बनवली, तेव्हा पहिली साफ फसली. अँगलची चौकट केली, खाली दोन पट्ट्या सरळच जोडल्या आणि अंगणात ढकलून पाहिली, तर पट्ट्यांची पुढची टोके फरशीच्या सांध्यात रुतली आणि माझे कपाळ उभ्या दांड्यावर आदळले. दुसऱ्या वेळी पट्ट्यांची दोन्ही टोके तापवून होडीच्या नाळेसारखी वर वळवली, कडा ग्राइंडरने गोल केल्या, आणि मग ती सुतासारखी सरळ निघाली. वजनासाठी ओळखीच्या फाउंड्रीतून रद्द झालेली कास्टिंग भंगाराच्या भावाने आणली, वजनकाट्यावर एकेक तोलली आणि त्यावर ऑइल पेंटने आकडे टाकले.

खाली काय अंथरता यावर सगळे अवलंबून आहे. नुसत्या कोब्यावर लोखंड किंचाळते आणि स्लेड हवी त्यापेक्षा सहज जाते. मी एका मंडपवाल्याकडून लग्नसराई संपल्यावर जुने कार्पेट घेतले, ते पंधरा मीटर लांब अंथरले, तेव्हा कुठे शर्यतीसारखा अडथळा जाणवला. माझ्या कार्पेटवर १२० किलोलाच मुंबईतल्या १५२ किलोइतका जोर लागतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. एक खेप तीस ते चाळीस सेकंदांत, न थांबता पण कष्टाने पूर्ण होईल इतके वजन ठेवा.

ओढण्याच्या स्लेडमध्ये तुमचे ६:५५ गेले, ते मात्र खरोखर जास्त आहेत. तुम्ही नुसत्या दंडांनी ओढत असणार. रहाट नसलेल्या विहिरीतून बादली शेंदताना आपण जसे हातावर हात टाकतो तसे केले की ५० मीटरमध्ये पंजे उघडत नाहीत, आणि पुढे फार्मर्स कॅरीला तेच पंजे लागतात. त्याऐवजी दोर ताठ धरून, हात जवळपास सरळ ठेवून, मागे झुकत आखलेल्या चौकटीच्या आत चार-पाच पावले मागे जावे, मग झपाट्याने पुढे येऊन दोर पुन्हा लांबवर पकडावा. रस्सीखेच खेळलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मागे चौकटीच्या रेषेवर पाय पडणार नाही आणि सुटलेला दोर पायांत येणार नाही, एवढे पाहावे.

रविवारी सकाळी साडेसात वाजता आम्ही चौघे-पाच जण वर्कशॉपच्या गल्लीत सराव करतो. तुमची पहिली पाळी नसेल त्या रविवारी या.

---

लाल_मातीतला

मी तालमीत वाढलेला माणूस आहे. यंत्रांविषयी मला फार कळत नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

स्की-अर्ग नाही म्हणून अडू नका. आखाड्याच्या हौद्यातली माती फावड्याने उकरून पाहा. हात डोक्याच्या उंचीवरून खाली येतात, कंबरेतून वाकावे लागते, पोट आवळले जाते आणि पाठीचे रुंद स्नायू कामाला लागतात. त्या यंत्रावर हेच होते असे माझा पुतण्या सांगतो. वीस मिनिटे माती उकरली की दुसरे काही करण्याची इच्छा उरत नाही. दोर चढण्याने पंजा असा तयार होतो की २४ किलोची दोन वजने हातात आहेत हे विसरायला होते. आणि ज्याला तुम्ही बर्पी म्हणता, तसाच जोर मारून पुन्हा उभे राहण्याचा प्रकार आमच्या तालमीत सपाटे या नावाने चालतो, तो कुणी परदेशातून आणलेला नाही. रोज शंभर सपाटे आणि तीनशे बैठका सहा महिने मारा, यंत्रे पाहिली नाहीत तरी चालेल.

बाकी खुराकाकडे लक्ष द्या. दुधाच्या कट्ट्यावर जाऊन समोर काढलेले म्हशीचे दूध पिणारे गाव आहे आपले. डब्यातली प्रोटीनची पावडर कशाला?

---

पहाट_रंकाळा

काकांच्या माती उकरण्याच्या सूचनेला मनापासून दाद देतो. स्की-अर्गला इतका जवळचा पर्याय मला सुचला नसता. परंतु तीनशे बैठकांबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, आणि खासबागेच्या मैदानातली मातीवरची कुस्ती लांबली तरी तिच्यात झटापट आणि ठहराव आलटून पालटून येतात. ही शर्यत दीड-पावणेदोन तास एका लयीत चालते. बैठकांत टाचा उचललेल्या असतात आणि वजन चवड्यावर असते, त्यामुळे गुडघ्याच्या वरचा स्नायू तयार होतो. लंजेसमध्ये मागचा गुडघा प्रत्येक पावलाला जमिनीला टेकवून पूर्ण उभे राहावे लागते आणि तिथे नितंबाचा स्नायू थकतो. शिवाय हे गृहस्थ कामावर आठ तास उभे असतात. रोज तीनशे बैठका आणि आठवड्याला तीन दिवस धावणे हे दोन्ही त्यांच्या गुडघ्यांनी सोसावे असे मी तरी सुचवणार नाही.

बर्पीविषयी एक हिशेब राहिला होता. ८० मीटर सव्वा मीटरच्या उडीने ६४ बर्पींत होतात, १.६ मीटरच्या उडीने ५० मध्ये. लांब उडी म्हणजे कमी वेळा जमिनीवर पडणे, हे ऐकायला छान वाटते, पण प्रत्येक लांब उडी मांड्यांवर घेतली जाते. छाती जमिनीला टेकली पाहिजे आणि दोन्ही पाय एकत्र उडून एकत्र टेकले पाहिजेत, एवढे पाळून सुमारे १.४ मीटरची, कंटाळवाणी वाटेल अशी एकसारखी उडी ठेवा.

---

सायबर_चौक

मी दुहेरी गटात मैत्रिणीबरोबर दोनदा धावले आहे. त्या गटात धावणे दोघींनाही पूर्ण आठ किलोमीटर करावे लागते, कसरती मात्र वाटून घेता येतात. मैत्रिणीचे खांदे पूर्वीच दुखावलेले असल्यामुळे वॉल बॉल बहुतेक माझ्या वाट्याला आले, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

दुसरी पाळी, तुमचे ९:२० म्हणजे ५६० सेकंद आहेत. एक वॉल बॉल लयीत मारायला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात, म्हणजे शंभरांना सुमारे २३० सेकंद. उरलेली साडेपाच मिनिटे तुम्ही चेंडू जमिनीवर ठेवून त्याच्याकडे पाहत उभे होतात. रागावू नका, मीही उभी होते. दमेपर्यंत मारायचे, मग दम भरेपर्यंत थांबायचे, ही पद्धतच चुकीची आहे, कारण पूर्ण दमल्यावर थांबा दरवेळी लांबत जातो. पहिल्या चेंडूपासूनच दहा-दहाचे दहा गट करा आणि मधली विश्रांती पंधरा सेकंदांची, श्वास मोजून घ्या. पहिल्या दहानंतर थांबायला लाज वाटते, अजून वीस सहज निघतील असे वाटते, तरी थांबा. या हिशेबाने ६:०५ होतात आणि सात मिनिटांत यायला बाद झालेल्या चेंडूंसाठी जवळजवळ एक मिनिट शिल्लक राहते.

बाद चेंडू हे दुसरे दुखणे. खाली बसताना कंबर गुडघ्याच्या खाली गेली पाहिजे आणि चेंडू खुणेवर लागला पाहिजे. पुरुषांच्या गटात ती खूण ३ मीटर उंचीवर असते. व्यायामशाळेत छत ठेंगणे असले की आपण नकळत दोन-अडीच मीटरवर मारायला शिकतो आणि शर्यतीत पंच हात हलवून नाही म्हणतात, तेव्हा जीव रडकुंडीला येतो. मी आमच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर टेपने मोजून खडूची रेघ ओढली होती. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि त्यांनी विचारले की, रोज पहाटे तुम्ही नेमके काय कुटता? तेव्हापासून मी गच्चीऐवजी पार्किंगमधल्या भिंतीवर, आणि साडेआठनंतर, मारते. किती खाली बसायचे याची खूण म्हणून पायाशी एक वीट ठेवायची आणि बसताना चेंडू धरूनच इतके खाली जायचे की वीट कुठे आहे हे बघावेसे वाटू नये. तेवढे खाली बसण्याची सवय लागली की बाद होण्याची भीती जाते.

रॉक्सझोनबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही. ८:४२ हे चालण्याचे आणि गोंधळाचे मिळून आहेत. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी लवकर सभागृहात जाऊन आत कुठून शिरायचे, बाहेर कुठून पडायचे आणि पाणी कोठे आहे हे पायांनी चालून पाहून ठेवावे. धावमार्गाच्या फेऱ्या स्वतःच मोजाव्या लागतात, त्यात चूक झाली तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. मी प्रत्येक फेरीला एक बोट मिटते. कसरत संपल्यावर उभे राहून दम खाण्याऐवजी हळू का होईना, पळतच बाहेर पडावे.

आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी शर्यतीला उभे राहू नये. आम्ही पहिल्यांदा तसे केले होते. झोप नाही, पोट बिघडलेले, त्यात मुंबईच्या दमट हवेने पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कपडे पिळून काढावेत असे झाले. एक दिवस आधी पोहोचा, आदल्या दिवशी मीठ-लिंबू-साखरेचे पाणी थोडे थोडे पीत राहा, आणि तांबडा-पांढरा शर्यत संपल्यावर खा. म्हशीच्या दुधाबद्दल माझा आक्षेप नाही, पण शर्यतीच्या सकाळी नको. दोन केळी आणि भाकरी-गूळ अडीच तास आधी, एवढे मला पुरते.

---

दुसरी_पाळी

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवडे उलटून गेले, म्हणून काय झाले ते कळवतो. स्क्वॉट १२० वरच ठेवला आहे आणि आठवड्यातून एकदाच करतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी आठला धावतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात कामावरून आल्यावर धावून पाहिले, पण उन्हात तुकडे जमत नाहीत, म्हणून त्या आठवड्यात फक्त सावकाश धावणे ठेवले. तालमीत माती उकरायला तीन वेळा गेलो. दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणे लावताना हात वर जाईनात, हे लाल मातीतल्या काकांना कळवतो.

गेल्या रविवारी वेल्डिंगवाल्यांच्या गल्लीत चाचणी घेतली. मोजून घेतलेल्या २५० मीटरच्या चार फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, आणि त्यानंतर अनुक्रमे स्लेड ढकलणे, ४० मीटर बर्पी, फार्मर्स कॅरी आणि ५० मीटर लंजेस. धावण्याच्या वेळा ५:३२, ५:४१, ५:४९ आणि ५:५२ आल्या. स्लेडच्या चारही खेपांत मध्ये थांबलो नाही आणि बाहेर पडल्यावर पाय दोनशे मीटरनंतर खरोखर परत आले. वॉल बॉल बुधवारी वेगळे मारले, दहा-दहाच्या गटांनी ६:४० लागले आणि चार बाद झाले. यावरून १:३६ शक्य आहे असे धरावे का?

---

सायबर_चौक

धावण्याचे आकडे उत्तम आहेत. ६:४० मात्र अजून खरे धरू नका, कारण ते बुधवारचे, ताज्या पायांचे आहेत. पुढच्या रविवारी चेंडू वर्कशॉपमध्ये घेऊन या आणि लंजेसनंतर एक किलोमीटर धावून लगेच शंभर मारा. भिंतीवर ३ मीटरची खूण वेल्डिंगवाल्यांना आधीच करून ठेवायला सांगितली आहे.